दक्षिण कोरिया आणि संगणकावरील खेळ

एखाद्या समाजाला एखादा खेळ का आवडू लागतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या खेळाच्या नियमांतच शोधले जाते. बुद्धिबळ बुद्धीला आव्हान देते म्हणून टिकले, क्रिकेट रंगतदार आहे म्हणून पसरले, अशी स्पष्टीकरणे सहज दिली जातात आणि ती सर्वस्वी खोटी असतात असेही नाही. परंतु क्रिकेट ज्या देशांत रुजले त्यांचा नकाशा समोर ठेवला, तर तो बव्हंशी जुन्या ब्रिटिश साम्राज्याचा नकाशा निघतो. खेळाची गोडी ही खेळाइतकीच इतिहासावर, बाजारभावावर, घरांच्या रचनेवर आणि आईबापांच्या आकांक्षांवर अवलंबून असते. याचा अलीकडचा आणि मोठा बोधप्रद दाखला दक्षिण कोरियात पाहावयास मिळतो. १९९७ नंतरच्या अवघ्या चार-पाच वर्षांत त्या देशातील तरुण पिढीने वैयक्तिक संगणक हेच आपले क्रीडांगण मानले. त्याच सुमारास, एका सामुद्रधुनीपलीकडच्या जपानात त्याच वयाची मुले दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या खेळयंत्रांत रमली होती. इतक्या जवळच्या दोन देशांत आवडीचा एवढा फरक का पडावा?

प्रथम त्या दोन यंत्रांचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. कन्सोल या नावाने ओळखले जाणारे खेळयंत्र ही एकाच कामासाठी घडवलेली पेटी होय. ती दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची, खेळाची कॅसेट किंवा तबकडी तीत बसवावयाची आणि मोजकी बटणे असलेले एक साधन दोन्ही हातांत धरून खेळावयाचे. तिच्यात कोणता खेळ चालेल आणि कोणता चालणार नाही, हे पेटी बनवणारी कंपनी ठरवते. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली असे एक यंत्र बाजारात आणले आणि पुढे ते जगभर गेले. या पेटीचे गुण उघड आहेत. ती संगणकापेक्षा स्वस्त असते, चालवण्यास सोपी असते, आणि सर्व पेट्या एकसारख्या असल्यामुळे एकदा रचलेला खेळ प्रत्येक घरी सारखाच चालतो. वैयक्तिक संगणकाचे तसे नाही. त्याचे भाग निरनिराळ्या कारखान्यांतून येतात. एकाच्या यंत्रावर सुरळीत चालणारा खेळ दुसऱ्याच्या यंत्रावर अडखळतो. त्याची देखभाल करावी लागते. मात्र त्यावर पत्र लिहिता येते, हिशेब करता येतो, अभ्यास करता येतो, आणि ज्याला ती विद्या अवगत आहे त्याला स्वतःचा खेळही रचता येतो. एक यंत्र सोयीचे आणि बंदिस्त, तर दुसरे कटकटीचे परंतु मोकळे, असा हा भेद आहे. केवळ सोय पाहिली, तर खेळणाऱ्याने पहिलेच यंत्र निवडावे. कोरियन तरुणांनी दुसरे निवडले, याची कारणे यंत्राबाहेर शोधावी लागतात.

पहिले कारण इतिहासाचे आहे. १९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानचे राज्य होते. त्या राजवटीत कोरियन भाषेची गळचेपी झाली आणि लोकांवर जपानी पद्धतीची नावे घेण्याची सक्ती झाली. स्वातंत्र्यानंतर दक्षिण कोरियाने जपानी चित्रपट, गाणी आणि इतर लोकरंजनाच्या वस्तूंना दीर्घकाळ दार बंद ठेवले. ते दार राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांच्या कारकिर्दीत १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उघडू लागले. कन्सोलवरील जपानी खेळांना पूर्ण मोकळीक मिळण्यास २००४ साल उजाडावे लागले. आता कन्सोलचा व्यवसाय तर बव्हंशी जपानी कंपन्यांच्या हाती होता. पडदा अगदी घट्ट होता असे मात्र नाही. १९८९ च्या सुमारास सॅमसंगने सेगा या जपानी कंपनीचे यंत्र, आणि ह्युंदाईने निन्टेन्डोचे यंत्र, स्थानिक नावे देऊन विकावयास काढले होते. चोरवाटेनेही माल येत असे. तरीही जो व्यवहार अर्धवट उजेडात चालतो तो फोफावत नाही. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन २ हे यंत्र जपानात २००० साली आले, पण दक्षिण कोरियात त्याची अधिकृत विक्री २००२ साली सुरू झाली. तोवर तेथील मुलांची आवड ठरून गेली होती.

दुसरे कारण घराघरांतील आहे. दक्षिण कोरियात शिक्षणाला जे महत्त्व आहे ते इतरत्र क्वचितच आढळेल. दर वर्षी नोव्हेंबरात विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा होते. तीत इंग्रजी ऐकून उत्तरे द्यावयाचा भाग चालू असताना, विद्यार्थ्यांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून, देशभर विमानांचे चढणे-उतरणे थांबवले जाते. अशा समाजात खेळाखेरीज ज्याचा काही उपयोग नाही अशी पेटी मुलाला घेऊन देणे आईबापांच्या जिवावर येणार, हे उघड आहे. संगणकाची गोष्ट वेगळी होती. १९८० च्या दशकापासूनच सरकार संगणक-शिक्षणाचा पुरस्कार करीत होते, आणि संगणक येणारा मुलगा पुढे मागे पडणार नाही अशी समजूत सर्वत्र पसरली होती. म्हणून संगणकाला घरात प्रवेश मिळाला तो अभ्यासाच्या नावावर. दिवसा त्यावर धडे गिरवले जात आणि रात्री दार लोटून खेळ मांडला जाई. ही युक्ती मराठी घरांनाही अपरिचित नाही.

तथापि, केवळ एवढ्याने एखादे राष्ट्र संगणकावर खेळू लागले नसते. त्याला निमित्त झाले ते एका संकटाचे. १९९७ च्या अखेरीस आशियातील आर्थिक अरिष्टाने दक्षिण कोरियाला गाठले. देशाची परकीय गंगाजळी आटली, आणि डिसेंबरात सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी कर्जाचा करार करावा लागला. कर्ज फेडण्यास हातभार म्हणून लाखो लोकांनी घरातील सोन्याच्या अंगठ्या आणि साखळ्या देऊन टाकल्या. बेकारीचे प्रमाण एका वर्षात अडीच टक्क्यांच्या आसपासवरून सुमारे सात टक्क्यांवर गेले. ज्या देशात एकदा मोठ्या कंपनीत लागलेला मनुष्य तेथेच निवृत्त व्हावयाचा, तेथे चाळिशी-पंचेचाळिशीचे कर्ते पुरुष अचानक घरी बसले. त्यांच्या हाती सेवासमाप्तीची थोडी रक्कम होती आणि पुढे काय करावे याची चिंता होती. त्याच वेळी नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांना नोकरी मिळेना. त्यांच्याजवळ भरपूर वेळ होता, आणि खर्चावयास पैसे मात्र नव्हते.

या दोघांची गाठ पडली ती ‘पीसी बांग’ मध्ये. कोरियन भाषेत बांग म्हणजे खोली. भाड्याच्या खोलीत जमून वेळ घालवण्याची रीत तेथे जुनीच आहे. गाणी म्हणण्यासाठी नोरेबांग आहेत, चित्रकथा वाचण्यासाठी मान्ह्वाबांग आहेत. कोरियन घरे लहान. मित्रांना घरी बोलावून धिंगाणा घालण्याची सोय नाही. म्हणून मैत्री फुलते ती बाहेरच्या खोलीत. नोकरी गमावलेल्या कित्येकांनी आपल्या पुंजीतून तीस-चाळीस संगणक घेतले, इमारतीच्या वरच्या मजल्यावर किंवा तळघरात जागा धरली, आणि तासावर ते भाड्याने देण्यास सुरुवात केली. भाडे तासाला एक-दोन हजार वॉनच्या आसपास, म्हणजे साध्या उपाहारगृहातील एका जेवणापेक्षा बरेच कमी. १९९७ साली शेकड्यांत मोजता येण्याजोग्या या खोल्या २००१ च्या सुमारास वीस हजारांहून अधिक झाल्या. दुकानदाराच्या दृष्टीनेही संगणकच सोयीचा होता. एक खेळ मागे पडला तर त्याच यंत्रावर दुसरा चढवता येई; यंत्र जुने झाले तर सोलच्या योंगसान बाजारातून एखादा भाग आणून ते पुन्हा तरतरीत करता येई; आणि नोकरीसाठी अर्ज लिहिणारे किंवा शेअर बाजाराचे भाव पाहणारे गिऱ्हाईकही त्याच खुर्चीवर बसे.

खोल्यांपाठोपाठ आल्या तारा. इंटरनेटची वेगवान वाहिनी घरी घेणे सुरुवातीस फार थोड्यांना परवडे. पीसी बांगचा मालक मात्र एक मोठी वाहिनी घेई आणि तिचा खर्च चाळीस खुर्च्यांवर वाटून टाकी. पुढे १९९८ साली थ्रूनेट या कंपनीने केबलच्या तारांवरून, आणि १९९९ साली हानारो या कंपनीने टेलिफोनच्या तारांवरून घरोघरी वेगवान इंटरनेट देण्यास प्रारंभ केला. संकटातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून सरकारनेही या कामाला पाठबळ दिले. दक्षिण कोरियाची बहुतांश शहरी वस्ती उंच इमारतींत दाटीवाटीने राहणारी आहे. एका इमारतीपर्यंत तार नेली की शेकडो बिऱ्हाडे जोडली जात. २००२ साल संपण्यापूर्वी पावणेपाच कोटी लोकवस्तीच्या त्या देशात वेगवान इंटरनेटच्या जोडण्या एक कोटीवर गेल्या होत्या. त्या काळी इतके दाट जाळे जगात अन्यत्र नव्हते.

खोल्या, तारा आणि रिकामा वेळ अशी सामग्री जुळत असतानाच खेळही आला. अमेरिकेतील ब्लिझार्ड या कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी ‘स्टारक्राफ्ट’ नावाचा संगणक-खेळ प्रसिद्ध केला. दूरच्या तारकाविश्वात तीन जातींची सैन्ये लढत आहेत अशी त्याची कल्पना. एक सैन्य माणसांचे, दुसरे झुंडीने धावून येणाऱ्या प्राण्यांचे आणि तिसरे अतिप्रगत परग्रहवासीयांचे. खेळाडू रणभूमीकडे वरून पाहतो. त्याने कामकऱ्यांकडून खनिज खणून घ्यावयाचे, त्या संपत्तीतून छावण्या बांधावयाच्या, सैनिक घडवावयाचे आणि प्रतिस्पर्ध्याचा तळ उद्ध्वस्त करावयाचा. परंतु प्रतिस्पर्धी काय करीत आहे हे दिसत नाही, कारण जेथे आपला सैनिक उभा नाही तो प्रदेश धुक्याने झाकलेला असतो. शिवाय येथे पाळी नाही. बुद्धिबळात एकाने चाल केली की दुसऱ्याने विचार करावा. येथे दोघेही क्षणोक्षणी चाली करीत असतात, आणि विचारात घालवलेला वेळ शत्रूच्या कामी येतो. तिन्ही सैन्ये परस्परांहून पूर्णतः भिन्न असूनही त्यांचे बळ समतोल ठेवण्यात रचनाकारांना असे यश आले, की वर्षानुवर्षे खेळूनही त्यातील डावपेच संपले नाहीत.

हा खेळ पीसी बांगसाठीच जणू घडवला होता. तो चालवण्यास नव्वद मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि सोळा मेगाबाइट स्मृती एवढे साधे यंत्र पुरे होई. खोलीतले संगणक एकमेकांना जोडले की आठ जणांपर्यंत एका रणात उतरता येई. आणि इंटरनेटवरून परगावच्या खेळाडूशी सामना करण्यास कंपनी निराळे पैसे घेत नसे. पुढील दहा-अकरा वर्षांत या खेळाच्या जगभरात एक कोटीच्या आसपास प्रती खपल्या, आणि त्यांतील चाळीस लाखांहून अधिक एकट्या दक्षिण कोरियात गेल्या.

येथे संगणक पसंत पडण्याचे आणखी एक कारण लागते, आणि ते हाताचे आहे. स्टारक्राफ्टमध्ये शंभरावर सैनिकांना एकाच वेळी निरनिराळ्या जागी पाठवावे लागते. त्यासाठी उजव्या हातात माउस हवा, म्हणजे पडद्यावरील कोणत्याही बिंदूवर निमिषार्धात बोट ठेवता येते. आणि डाव्या हाताखाली कळफलक हवा, म्हणजे प्रत्येक आज्ञेला एक कळ नेमता येते. मुरलेले खेळाडू मिनिटाला तीनशे किंवा त्याहूनही अधिक आज्ञा देतात. त्यांच्या बोटांकडे पाहिले तर संतूर वाजवणाऱ्याची आठवण व्हावी. हाच खेळ २००० साली निन्टेन्डोच्या एका कन्सोलसाठीही काढण्यात आला होता. तेथे एका वेळी दोघांपुरतीच सोय होती, इंटरनेटची जोड नव्हती, आणि चार बोटांच्या बटणांनी सैन्य हलवणे म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवण्यासारखे होते. तो प्रयोग पुढे सरकला नाही. धावण्या-उड्या मारण्याचे खेळ कन्सोलच्या साधनावर उत्तम खेळता येतात. परंतु ज्यात नजर, योजना आणि बोटांची चपळाई एकत्र लागते, अशा खेळाला संगणकाचे साहित्यच मानवते.

याबरोबरच कोरियातील स्वतःचे खेळही बहरले. नेक्सॉन या कंपनीने १९९६ साली ‘वाऱ्यांचे राज्य’ अशा अर्थाच्या नावाचा, आणि एनसीसॉफ्टने १९९८ साली ‘लिनिएज’ नावाचा खेळ सुरू केला. दोन्हींच्या रचनेत साँग जे-क्यांग या अभियंत्याचा मोठा वाटा होता, आणि दोन्हींचे मूळ कोरियन चित्रकथांत होते. या खेळांत हजारो लोक एकाच कल्पित राज्यात वावरतात, टोळ्या बांधतात, किल्ल्यांना वेढे घालतात. लिनिएजमधील टोळीला ‘रक्तशपथ’ असे नाव होते, आणि वेढ्याच्या दिवशी एका शपथेचे लोक एकाच पीसी बांगमध्ये खांद्याला खांदा लावून बसत. यात एक व्यापारी मर्मही होते. त्या काळी आशियात खेळाच्या तबकडीची चोरटी नक्कल सर्रास होई, आणि मूळ रचनाकाराच्या पदरी काही पडत नसे. इंटरनेटवरील खेळाचे राज्य कंपनीच्या मोठ्या संगणकावर असते. तबकडी फुकट वाटली तरी राज्यात शिरण्याचे शुल्क घेता येते. पीसी बांगचे मालक हे शुल्क घाऊक भरीत. त्यामुळे कोरियन रचनाकारांना पोट भरण्याचा मार्ग मिळाला तो संगणकावरच, आणि त्यांची बुद्धी साहजिकच तिकडे वळली.

जेथे खेळाडू आणि गर्दी एकत्र येतात तेथे प्रेक्षक निर्माण होतात. पीसी बांगमध्ये चांगला खेळणाऱ्याच्या खुर्चीमागे घोळका जमे. २००० साली या खेळांच्या सामन्यांना वाहिलेली दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली आणि व्यावसायिक खेळाडूंची संघटनाही स्थापन झाली. काचेच्या बंद कक्षांत बसलेले दोन तरुण, समोर मोठा पडदा, आणि क्रिकेटच्या समालोचकांप्रमाणे आवाज चढवणारे तीन समालोचक, असे दृश्य घराघरांत दिसू लागले. ‘सम्राट’ या टोपणनावाने गाजलेला लिम यो-ह्वान हा खेळाडू चित्रपटातील नटाइतका लोकप्रिय झाला. २००४ च्या जुलैत बुसान शहरातील ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर संघ-स्पर्धेचा अंतिम सामना झाला, तेव्हा लाखभर लोक जमल्याचे सांगितले गेले. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे खेळाडूंचा सराव तुटू नये म्हणून २००७ साली हवाई दलाने त्यांचा एक संघही उभारला. तो २०१२ पर्यंत चालला.

मोकळ्या यंत्राचा सर्वांत दूरगामी परिणाम मात्र वेगळाच आहे. स्टारक्राफ्टच्या तबकडीबरोबर रणभूमीचे नकाशे रचण्याचे साधनही दिलेले होते. खेळणाऱ्यांनी त्यातून नवे नकाशे केले, आणि काहींनी तर मूळ नियमच पालटून टाकले. अशाच एका हौशी नकाशात खेळाडूने सबंध सेनेऐवजी एकाच वीराला चालवावे, अशी कल्पना होती. ती ब्लिझार्डच्याच पुढील एका खेळात अन्य हौशी रचनाकारांनी विस्तारली, आणि त्या परंपरेतून २००९ साली अमेरिकेत ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा स्वतंत्र खेळ जन्मला. २०११ च्या डिसेंबरात तो कोरियात आला आणि पीसी बांगमध्ये त्याने स्टारक्राफ्टची जागा घेतली. २०१४ साली त्याच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना सोलमध्ये, २००२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बांधलेल्या मैदानावर झाला. त्या खेळातील ली सांग-ह्यॉक, म्हणजेच ‘फेकर’, याने २०१३ पासून २०२४ पर्यंत आपल्या संघासह पाच वेळा जागतिक अजिंक्यपद मिळवले. खेळणाऱ्यानेच खेळ घडवावा, ही सोय बंदिस्त पेटीत बहुधा नसते. संगणकावर ती सुरुवातीपासून आहे.

या चित्राला काळी बाजूही आहे, आणि ती झाकणे योग्य होणार नाही. ज्या खोलीत दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही, जेथे शेवया आणि शीतपेय खुर्चीवर आणून मिळते, तेथून उठण्याचे भान काहींना राहिले नाही. २००५ च्या ऑगस्टमध्ये देगू शहरात एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण सुमारे पन्नास तास जवळजवळ सलग स्टारक्राफ्ट खेळून कोसळला आणि मरण पावला. २०१० साली पैसे घेऊन सामने हरल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि अकरा खेळाडूंवर आजन्म बंदी घालण्यात आली. मुले झोपत नाहीत, अभ्यास करीत नाहीत, अशी आईबापांची तक्रार तर रोजचीच झाली. ज्या यंत्राला अभ्यासाच्या नावावर घरात घेतले, त्यानेच अभ्यास गिळला, असे त्यांना वाटले.

सरकारने यावर कायदा केला. २०११ च्या नोव्हेंबरपासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत इंटरनेटवरील संगणक-खेळ बंद करण्यात आले. मुलांनी त्यावर उपाय शोधला. आईबापांचे ओळख-क्रमांक वापरून ती खेळत राहिली. शिवाय याच सुमारास मुलांच्या हाती मोबाइल आले, आणि मोबाइलवरील खेळ या कायद्यातून वगळलेले होते. अखेरीस २०२१ साली तो रद्द करण्याचा निर्णय झाला आणि २०२२ च्या आरंभापासून तो संपुष्टात आला. आता आईबाप आणि मूल यांनी मिळून खेळाच्या वेळा ठरवाव्यात अशी व्यवस्था आहे. दहा वर्षांच्या या अनुभवातून एवढे निश्चित दिसते, की रात्री बाराला यंत्र बंद करणे सोपे असते. मूल तेथे का जाते याचा विचार करणे अवघड असते. परीक्षेच्या ओझ्याखाली वाकलेल्या, सायंकाळीही खाजगी शिकवण्यांत अडकलेल्या मुलाला, तासभर मित्रांच्या शेजारी बसण्याची एवढीच जागा उरली होती.

आज त्या देशातही पूर्वीची परिस्थिती राहिलेली नाही. पीसी बांगची संख्या ऐन भरातील संख्येच्या निम्म्याहूनही खाली आली आहे, आणि खेळांच्या बाजारपेठेत मोबाइलने संगणकाला मागे टाकले आहे. तरीही तेथे नवे बीज अजून संगणकावरच पडते. २०१७ साली एका कोरियन कंपनीने ‘पबजी’ हा खेळ प्रथम संगणकासाठी काढला. त्याची कल्पना ब्रेंडन ग्रीन या आयरिश रचनाकाराची, आणि तीही त्याला सुचली ती दुसऱ्यांच्या संगणक-खेळांत फेरफार करता करता. तोच खेळ पुढे मोबाइलवर आला आणि भारतात गावोगावी पोहोचला. २०२० च्या सप्टेंबरात भारत सरकारने त्यावर बंदी घातली, आणि २०२१ साली त्याची भारतासाठी काढलेली आवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रातील पारावर किंवा एसटीच्या थांब्यावर मोबाइलवर वाकून बसलेली मुले जो खेळ खेळताना दिसतात, त्याचे मूळ अशा रीतीने संगणकाच्या खोलीत आहे. भारतातील बहुसंख्य मुलांच्या हाती पहिले यंत्र आले ते मोबाइल. येथेही आवड ठरवली ती स्वस्त झालेल्या मोबाइल इंटरनेटने आणि घरच्या परिस्थितीने. मात्र या यंत्रावर खेळता येते तितक्या सहजतेने नवा खेळ घडवता येत नाही, हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

कोरियन तरुणांनी संगणक पसंत केला, या वाक्याचा अर्थ आता अधिक स्पष्ट होतो. जुन्या पारतंत्र्याच्या आठवणीने एक दार बंद ठेवले होते; शिक्षणाच्या आकांक्षेने दुसरे उघडले; आर्थिक अरिष्टाने त्या दारापाशी एकाच वेळी दुकानदार आणि गिऱ्हाईक आणून उभे केले. यांतील एकही गोष्ट त्या तरुणांनी निवडलेली नव्हती. त्यांनी निवडले ते पुढचे. हाती आलेल्या यंत्रावर त्यांनी परक्या देशाचा खेळ त्याच्या जनकांपेक्षाही वरच्या दर्जाने खेळून दाखवला आणि स्वतःचे खेळ रचून जगाला दिले. २०२३ साली चीनमधील हांगझाउ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत इलेक्ट्रॉनिक खेळांना प्रथमच पदकांचा मान मिळाला, तेव्हा लीग ऑफ लेजेंड्सचे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या संघाने जिंकले. पंचवीस वर्षांपूर्वी नोकरी गमावलेल्या एखाद्या गृहस्थाने सेवासमाप्तीच्या पैशांतून भाड्याच्या तळघरात संगणक मांडले, तेव्हा आपण कशाचा पाया घालीत आहोत याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते. त्याला फक्त घर चालवावयाचे होते.